पॅरिसच्या पॅलेस हॉटेलात जेवायचं, तर दुपारी की रात्री?

कोणत्या हॉटेलात जायचं, हे तुमचं एव्हाना ठरलं असेल. ल ब्रिस्टल हॉटेलातलं एपिक्यूर रेस्टॉरंट असो की जॉर्ज सँक हॉटेलातलं ल सँक, मिशलिन या रेस्टॉरंट मार्गदर्शिकेचे तारे आणि घोटीव सेवा दोन्हीकडे गृहीतच धरायची. ‘पॅलेस’ हा फ्रान्समध्ये पाच ताऱ्यांच्याही वरचा सरकारमान्य किताब आहे, त्यामुळे या पातळीवर वाईट जेवण मिळायची शक्यता कमी. खरा पेच पुढचा: रात्रीचा सहा-आठ पदार्थांचा, शेफनंच ठरवलेला टेस्टिंग मेन्यू घ्यायचा, की दुपारी जाऊन तीन-चार पदार्थांचा ठरावीक मेन्यू? (दुपारचं जेवण सगळीकडे नसतं आणि असलं तरी रोज नसतं. विमानाची तिकिटं काढण्याआधी वार बघून घ्या.)

पैशांचं आधी उरकू. दुपारचा मेन्यू रात्रीच्या टेस्टिंगच्या साधारण निम्म्यात बसतो, कधी त्याहून स्वस्त. आपल्याकडच्या बड्या हॉटेलात मेन्यूतल्या किमतीवर 18% जीएसटी चढतो. फ्रान्समध्ये छापलेल्या किमतीतच कर आणि सेवाशुल्क धरलेलं असतं, वर टिप ठेवणं ऐच्छिक. बिल फुगतं ते पेयांनी. बसताच शँपेनची गाडी टेबलाशी येते आणि किंमत न सांगता ‘एक ग्लास?’ असं विचारलं जातं. नको असेल तर नको म्हणा, किंवा पेयांची यादी मागा. कुणाला त्यात गैर वाटत नाही. पाण्याचं तसंच. ‘साधं की बुडबुड्यांचं?’ या प्रश्नाचं कुठलंही उत्तर विकतच्या बाटलीकडे नेतं. ‘काराफ दो’ म्हणजे नळाच्या पाण्याचा जग जेवणासोबत कायद्यानंच फुकट आहे. टेस्टिंगबरोबर प्रत्येक पदार्थाला जोडलेली वाइन घेतलीत, तर 7-8 सेंटिलिटरचे सहा ग्लास होतात, म्हणजे माणशी अर्ध्या बाटलीहून जास्त. दुपारी 12 सेंटिलिटरचा एकच ग्लास घेऊन उठता येतं.

वेळेचा हिशेब भारतातून गेलेल्यांनी वेगळा करायला हवा. दुपारचं जेवण दोन-अडीच तासांचं, रात्रीचं टेस्टिंग साडेतीन ते चार तासांचं. साडेसातला बसलात तर मुख्य मांसाचा पदार्थ साडेनऊच्या सुमारास येतो. तेव्हा भारतात उन्हाळ्यात रात्रीचा एक आणि हिवाळ्यात दोन वाजलेले असतात. पॅरिसला पोचल्यापासून पहिल्या तीन दिवसांत हे जेवण ठेवलंत, तर जेवणातला सगळ्यात महागडा घास तुम्ही पेंगत खाल.

पोटाचा अंदाजही चुकतो. मेन्यूवर आठ पदार्थ असले तरी ताटल्या बारा-तेरा येतात. सुरुवातीचे एका घासाचे दोन-तीन नमुने, गोडाआधीचं छोटं गोड आणि कॉफीसोबतचे चॉकलेट-बिस्किटांचे तुकडे यादीत लिहिलेले नसतात. त्यात ब्रेड आणि खारं लोणी सतत भरत राहतात. पहिला ब्रेड खा, दुसऱ्याला नको म्हणा. तीन पदार्थांच्या दुपारच्या मेन्यूतही म्हणूनच सहा-सात गोष्टी समोर येतात, आणि आपल्या पोटाला तेवढं बहुधा पुरतं.

इथवर तराजूचं पारडं कुठेही झुकू शकलं असतं. माझ्यापुरता निकाल लागला तो मेन्यूच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेल्या एका ओळीनं: ‘पूर लांसाम्ब्ल द ला ताब्ल’. म्हणजे टेस्टिंग घ्यायचं तर टेबलावरच्या सगळ्यांनी घ्यायचं. यामागे स्वयंपाकघराचा हट्ट नाही. तिथे एकेका टेबलाचा एकेक पदार्थ एकाच क्षणी ताटल्यांत मांडला जातो आणि वेटर सगळ्या ताटल्या एकदम ठेवतात. एकानं आठ पदार्थ आणि दुसऱ्यानं तीन मागवले, तर दुसरा पाच वेळा रिकाम्या टेबलाकडे बघत बसेल आणि स्वयंपाकघराचा ताल बिघडेल. कारण पटतं, पण गैरसोय उरतेच. मराठी घरातली चार माणसं डोळ्यांसमोर आणा. एकाला मासे चालत नाहीत, एकीचा गुरुवार, आजींचा आहार चार घासांचा आणि चौथ्याला मात्र सगळं चाखायचंय. या चौघांना एकाच आठ पदार्थांच्या गाडीत बसवायचं म्हणजे एकाच्या हौसेसाठी तिघांनी चार तास सोसायचं, आणि पैसे चौघांचे. दुपारच्या मेन्यूत प्रत्येक टप्प्याला सहसा दोन-तीन पर्याय असतात. सगळ्यांचे टप्पे सारखेच, त्यामुळे ज्यानं त्यानं आपापलं निवडलं तरी ताल मोडत नाही.

आता रात्रीच्या बाजूनं बोलायलाच हवं. स्वयंपाकघराची सगळी ताकद तिथेच दिसते. लॉबस्टर, कबुतर, काळं ट्रफल (जमिनीखाली वाढणारी सुगंधी बुरशी) ही महाग सामग्री दुपारच्या ठरावीक मेन्यूत फारशी सापडत नाही. पण विशिष्ट पदार्थासाठी जात असाल तर आ ला कार्टचा, म्हणजे यादीतून सुटे पदार्थ मागवण्याचा रस्ताही आहे. एरिक फ्रेशाँ 1999 ते 2024 एपिक्यूरचे शेफ होते. त्यांची काळं ट्रफल, आर्टिचोक आणि बदकाचं फ्वा ग्रा (चरबीदार यकृत) भरलेली मॅकरोनी इतकी गाजली, की लोक तेवढ्यासाठी टेबल धरत. तिथलीच डुकराच्या मूत्राशयात शिजवलेली ब्रेस या फ्रेंच भागातली कोंबडी मात्र दोघांत मिळून घ्यावी लागे. तेव्हा अशा पदार्थालाही जोडीदार लागतो, आणि त्याला ते मूत्राशय चालायला लागतं!

शाकाहारी मंडळी असोत किंवा गोमांस न खाणारी, त्यांनी टेबलावर बसून सांगण्यात अर्थ नाही. फ्रेंच सॉसचा पाया म्हणजे वासराच्या हाडांचा स्टॉक. तो आठ-दहा तास उकळतो आणि बहुधा आदल्या दिवशी तयार असतो. कोंबडीवरच्या, क्वचित माशावरच्याही सॉसमध्ये तो असू शकतो. आयत्या वेळी सांगितलंत तर स्वयंपाकघराला तुमच्या पदार्थावरचा सॉस काढण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही आणि लोण्यात परतलेल्या भाज्यांवर भागवावं लागतं. निदान 48 तास आधी ईमेल करा आणि त्यात नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहू नका. मांस नको, मासे नकोत, दोन्हींचा स्टॉक नको, जिलेटिन नको, असं एकेक लिहा. ‘मांस नको’ एवढंच म्हटलंत तर मासा येऊ शकतो. चीजच्या गाडीवरचं कोंते किंवा रोकफोर जनावराच्या जठरातलं रेनेट (दूध घट्ट करणारं विरजण) घालून बनतं, तेही लक्षात असू द्या. ही माहिती आधी पोचली तर दुपारी तीन पदार्थ नीट बदलून मिळतात. आठ बदलून घेणं जमतं, पण सहाव्यापर्यंत तोच बीट, तेच सेलरीचं मूळ वेगळ्या आकारात भेटायला लागतं.

आणखी थोडं, दोन्हीकडे लागू पडणारं. सूफ्ले (फेटलेल्या अंड्यांचा भट्टीत फुगवलेला पदार्थ) हवं असेल तर सुरुवातीलाच सांगा, कारण ते मागवल्यावरच भट्टीत जातं आणि त्याला वीसेक मिनिटं लागतात. कबुतर किंवा बदकाची छाती आतून गुलाबीच येते. ‘बिअँ क्वी’, म्हणजे पूर्ण शिजवून मागितलीत तर चामड्यासारखी लागेल आणि दोष शेफचा नसेल. गुलाबी चालत नसेल तर मंद आचेवर रश्शात शिजवलेला पदार्थ निवडा. पाहुणे म्हणून गेलात आणि तुमच्या मेन्यूवर किमतीच नसतील, तर तो छपाईचा दोष समजू नका. काही ठिकाणी यजमानालाच किमतींचा मेन्यू देण्याची जुनी रीत आहे. आरक्षण करताना कार्डाचा तपशील मागतात आणि न सांगता गैरहजर राहिलात तर माणशी दंड कापतात. रात्री पुरुषांना जॅकेट लागू शकतं, दुपारी नियम बरेचदा सैल असतो.

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस असेल, दोघंच असाल, दोघांनाही सगळं चालत असेल आणि दुसऱ्या दिवशी काही काम नसेल, तर रात्रीचं टेस्टिंग घ्या, माझी हरकत नाही. बाकीच्यांनी दुपारी साडेबाराचं टेबल मागावं, आणि एपिक्यूरला जात असाल तर बागेकडच्या खिडकीजवळचं. डिसेंबरात पॅरिसचा सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा ती बाग बघायला दुपारच हवी. जूनमध्ये तो दहापर्यंत रेंगाळतो, त्यामुळे तेवढा एक मुद्दा मी रात्रीवाल्यांना सोडून देतो.