कानाचं मशीन: पाडवा ते कार्तिकी

पाडव्याला मशीनं घेतली आणि त्याच आठवड्यात भजनाला पेटीवर बसलो. तार सप्तकातला सा धरून ठेवला तर तो शेळीसारखा थरथरायला लागला. वाटलं, सूर गेला. बेळगावच्या शहापुरातल्या पेटीवाल्यानं पेटी उघडली, भाता पुसला, तीनशे रुपये घेतले आणि म्हणाला, "पेटीला काय झालंय? चांगली आहे की."

दोष मशीनचा होता. मशीनचाच आवाज परत मशीनमध्ये शिरला की शिट्टी वाजते; ती ओळखून दाबायची सोय आत असते. बोलणं तुटक असतं, त्यामुळे तिथं अडचण येत नाही. पेटीचा लांबवलेला सूर मात्र त्याला शिट्टीच वाटतो आणि ते त्याच्याशी झटापट करत बसतं. अडुसष्ट हजारांची जोडी आणि तिला पेटी कळू नये!

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं ग्राइंडरच्या कडेला काढली, कानात कापूस घालून. ऑडिओग्रामची, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखाची, रेघ दोन हजार हर्ट्झपर्यंत बरी चालते आणि चार हजारला विहिरीत पडते. 'स', 'श', 'थ' तिथंच अडकतात. भाजीवाली "साठ" म्हणाली की मला "आठ" ऐकू यायचं आणि मी ऐटीत दहाची नोट पुढं करायचो.

दुकानाचं नाव लिहीत नाही. शब्द ऐकून परत म्हणायची चाचणी तिथं कन्नडमध्ये झाली, कारण त्या मुलीला मराठी येत नव्हतं. कामापुरतं कन्नड मला येतं, पण समोरच्याचं तोंड बघून. हेडफोनात एकेक सुटा शब्द आला की चूक कानाची की भाषेची, हे मलाच सांगता येईना. तिनं सगळ्या चुका कानाच्या खात्यावर टाकल्या. मग मशीन कॉम्प्युटरला जोडलं, बटण दाबलं, दहा मिनिटांत मोकळी. "सवय होईल." कानाच्या मशीनवर जीएसटी नसतो, हे बिल बघून मुलानं सांगितलं. त्या दिवशीचा आनंद तेवढाच.

स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा, म्हणून मी हळू बोलायला लागलो. बायको म्हणाली, "आता तुम्हीच पुटपुटालाय, मला ऐकू येईना."

बॅटरी ३१२ नंबरची, तपकिरी स्टिकरवाली. मला आठवड्याला दोन लागतात, म्हणजे वर्षाला १०४. महिनाभर रात्री स्टिकर परत चिकटवून बघितलं. काही उपयोग नाही. एकदा आत हवा गेली की ती चालू झाली ती झाली. आता स्टिकर काढून चार-पाच मिनिटं तशीच ठेवतो, मग घालतो, आणि रात्री झाकण उघडं.

जुलैत, खानापूरच्या ऐन पावसात, उजवं बंद पडलं. (लाल खूण उजव्याची, निळी डाव्याची, एवढं तरी लक्षात ठेवा.) दुकानात म्हणाले, "कंपनीला पाठवायला लागेल." बावीस दिवस एका कानावर काढले आणि वर अठराशे रुपये दिले. "घेऊ नका" असं लिहून हा अनुभव तेव्हाच टाकणार होतो. राहिलं ते बरं झालं.

सप्टेंबरात ते पुन्हा बंद पडलं. या वेळी मुलानं दुसऱ्या ठिकाणी नेलं. तिथल्या मॅडमनी कानातला मळ अडवणारी मोहरीएवढी जाळी काडीनं बदलली. एका मिनिटाचं काम! त्या अठराशेचा हिशेब अजून माझ्या डोक्यात आहे. मग त्यांनी मशीनच्या बाजूनं एक बारीक मऊ नळी पडद्याजवळपर्यंत सरकवली. किंचित गुदगुल्या झाल्या. समोरच्या स्पीकरमधून एक बाई बोलायला लागली. मी कान टवकारले. कन्नड नाही, तेलुगूही नाही. "ही कुठली भाषा?" मॅडम हसल्या. अमेरिकन इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा सहा भाषांतल्या बायकांचं बोलणं कापून जोडलेलं, मुद्दाम कुणालाच कळू नये असं. ही परीक्षा मला पटली. सीमेच्या अलीकडचे, पलीकडचे, सगळे सारखेच अडाणी.

स्क्रीनवर दिसलं की चार हजारच्या जागी माझं मशीन हव्या त्या रेषेच्या बारा डेसिबल खाली होतं. म्हणजे जिथं ऐकू येत होतं तिथंच आवाज वाढवून दिलेला, आणि विहीर तशीच कोरडी. दुकानातली पहिली जुळणी सरासरी कानाच्या अंदाजानं होते. आपल्या कानात आवाज किती पोचतो, हे नळी घातल्याशिवाय दिसत नाही. त्यांनी तो भाग चढवला आणि कानातली बंद रबरी टोपी काढून भोकं असलेली बसवली. रांजण गेला. परतीच्या बसमध्ये कंडक्टरच्या तिकीट मशीनची कर्रकर्र इतकी जोरात आली की मी दचकलो. त्या दिवसापासून साठ म्हणजे साठ. भाजी महाग झाली.

पेटीचं दुसऱ्या फेरीत सांगितलं. त्यांनी भजनासाठी वेगळा प्रोग्राम केला, त्यात शिट्टी दाबणं बंद आणि गोंगाट कमी करणंही बंद. सा सरळ येतो. पण आता कानटोपी घातली की मशीनच शिट्टी मारतं. कार्तिकातल्या काकड्याला कानटोपी काढून वाजवली. सर्दी झाली आहे, आणि वरचा पंचम अजून जरा हलतो. पुढच्या सोमवारी पेटीच घेऊन जातो.