कृषी पर्यटन केंद्र की जमीन एनए (बिगरशेती) करून रिसॉर्ट?

गावाकडं दोन-चार एकर आहे आणि टुरिझमचं काहीतरी करायचंय, असं म्हणणाऱ्यांपुढं हेच दोन रस्ते असतात. पहिला म्हणजे महाराष्ट्र सरकारच्या २०२० च्या धोरणातलं कृषी पर्यटन केंद्र. किमान एक एकर शेती, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी, फी अडीच हजार आणि सर्टिफिकेट पाच वर्षांचं. सातबारावर शेती ती शेतीच राहते. पण अट खरी आहे बरं का, शेती चालू पाहिजे, नुसता स्विमिंग पूल खणून चार खाटा टाकल्या की झालं असं नाही. पाहुण्याला हुरडा, भाताची लावणी, गोठा दाखवायचा म्हणजे घरातलं माणूस दिवसभर अडकतं, आणि धंदा शनिवार-रविवारचा.

दुसरा रस्ता एनएचा. जमीन महसूल कायदा १९६६ प्रमाणं जमिनीचा वापर बदलून घ्यायचा, मग लेआउट, बांधकाम परवाना, पाणी, सांडपाणी, सगळं. खर्च मोठा पण खोल्या जास्त निघतात आणि बँकही जरा बरं बोलते. मात्र महाबळेश्वर-पाचगणीसारख्या भागात २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, म्हणजे पर्यावरणासाठी बांधकामावर बंधनं, तिथं एजंट "होऊन जाईल" म्हणतो तेव्हाच सावध व्हायचं, आधी झोन दाखला काढा, म्हणजे जमीन कुठल्या झोनमध्ये येते ते कळेल.

मला विचाराल तर घरची शेती असेल आणि घरात राबायला माणसं असतील तर पहिलाच, कारण पाहुणे नाही आले तरी भात पिकतोच. रिसॉर्टचा हप्ता मात्र पावसाळ्यातही थांबत नाही.