फ्लेम टंग, सन ब्लेड, फ्रॉस्ट ब्रँड का ड्रॅगन स्लेअर: एकच घ्यायची तर कुठली?

मामेभाऊ डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, टेबलावर बसून फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ. त्याचा परवा रात्री साडेअकराला मेसेज आला, दादा डीएमनं (गोष्ट चालवणाऱ्यानं) चार जादूच्या तलवारी समोर ठेवल्यात, एकच उचला म्हणतोय, बाकीच्या गायब होणार, रविवारपर्यंत सांगायचंय, काय घेऊ? त्याचं पात्र फायटर म्हणजे लढवय्या आहे, लेव्हल ५, स्ट्रेंथ (ताकद) १८, एका हातात ढाल. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथं लिहून काढतोय, कारण डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ कधी ना कधी येतेच आणि बहुतेक जण डॅमेजचा आकडा बघतात, मोठा वाटला की उचलतात. मी पण तेच केलेलं. नियम सगळे २०१४ च्या पाचव्या एडिशनचे, आमचा साताऱ्यातला ग्रुप अजून त्याच्यावरच खेळतो.

आकड्यांचं आधी उरकून घेऊ म्हणजे ते डोक्यातनं जाईल. लाँगस्वोर्डचा डॅमेज डी८, म्हणजे आठ बाजूंचा फासा, सरासरी साडेचार, त्यात १८ स्ट्रेंथचे ४, झाले साडेआठ. वार लागतो का बघायला डी२० टाकून त्यात त्याचे +७ मिळवायचे, समोरच्याचा एसी म्हणजे बचावाचा आकडा १६ धरला तर डी२० वर ९ किंवा वर पडायला पाहिजे, म्हणजे १०० पैकी ६० वार लागणार. साध्या तलवारीचा हिशोब असा दर वाराला ५.१ येतो. फ्लेम टंग पेटवली की वर २डी६ (सहा बाजूंचे दोन फासे) आगीचे, सरासरी ७, म्हणजे साडेपंधराचे ६० टक्के, ९.३. फ्रॉस्ट ब्रँडला थंडीचा एकच डी६, ती ७.२ वर थांबते. सन ब्लेडला +२ आहे, तो हिटला (वार लागायला) पण आणि डॅमेजला पण, त्यामुळं ६० चे ७० टक्के होतात आणि आकडा ७.३५, पण समोर अनडेड (मेलेलं पण हिंडणारं, भूत-व्हँपायर वगैरे) असेल तर वर आणखी एक डी८ आणि मग तीच तलवार थेट १०.५ वर जाते. ड्रॅगन स्लेअर +१, एरवी ६.२ च्या आसपास, ड्रॅगनवर ३डी६ जास्तीचे म्हणून १३. क्रिट, म्हणजे डी२० वर २० पडून लागलेले जोरदार वार, मी यात धरले नाहीत. क्रिटला डाइस डबल होतात पण +२ डबल होत नाही, म्हणजे तिथं फ्लेम टंग अजून थोडी पुढं सरकते.

आता एवढंच बघितलं तर फ्लेम टंग घेऊन मोकळं व्हावं असं वाटतंय, आणि मी तसाच मोकळा झालो होतो.

फ्लेम टंग खरंच भारी आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. बोनस अ‍ॅक्शनला (टर्न म्हणजे आपली पाळी, तिच्यातली एक जास्तीची छोटी कृती) एक ठरलेला शब्द म्हणायचा की पातं पेटतं, परत म्हटला की विझतं, खाली पडली किंवा म्यानात घातली तरी विझतं. आमच्यात तो शब्द "पेट" आहे, आणि टेबलावर हात आपटून "पेट!" म्हणायला जी मजा येते ती दुसऱ्या कुठल्या तलवारीत नाही. ट्रोल हा राक्षस दर टर्नला १० हिट पॉइंट (जीव मोजायचा आकडा) भरून काढतो, आगीचा डॅमेज लागला की त्याचं ते पुढच्या टर्नला बंद पडतं. मम्मीला तर आग डबल लागते. पहिले चार-पाच महिने मी पार्टीत सगळ्यात जास्त डॅमेज करत होतो, हवेत होतो अगदी.

मग डीएमनं गोष्ट डेव्हिलांकडं वळवली. डेव्हिलांना आग लागत नाही. कमी लागते असं नाही, लागतच नाही, एवढासा इम्प (छोटा डेव्हिल) सुद्धा त्या ज्वाळेतनं आरामात उडून जातो. ७ चा ० झाला आणि हातात उरली एक मॅजिक पण बिनबोनसची तलवार, हिटला +१ पण नाही. लाल ड्रॅगनचं तेच. डीमन असतील तर बहुतेकांना आग निम्मीच. सलग सहा रविवार असे गेले. यात डीएमची चूक नाही, गोष्ट तिकडं जाणार होती हे त्यानं आधीपासून सुचवलेलं, मी विचारलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट उजेडाची. पेटली की ४० फूट लख्ख आणि पुढं ४० फूट अंधुक. गुहेत हे बरं वाटतंय, पण आमचा रोग (चोरपावलांनी फिरणारं पात्र) एकदा पुढं दबकत निघाला होता आणि मी मागं घाईत "पेट" म्हणून बसलो, ८० फुटांवरनं सगळ्यांनी बघितलं. आणि बोनस अ‍ॅक्शन जाते हे पण धरा. फायटरला त्याचं फार काही वाटत नाही, बार्बेरियनला मात्र पहिल्याच टर्नला रेज (संतापून लढणं, त्याला पण तीच कृती लागते) का तलवार असं कोडं पडतं, दोन हातात दोन तलवारी घेणाऱ्याला पण तेच.

आता सन ब्लेड, आणि हिच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हिचा आकडा बघून लोक हिला बाजूला ठेवतात.

हातात नुसती मूठ येते. पातं नाही, काही नाही. बोनस अ‍ॅक्शनला उजेडाचं पातं उगवतं, डॅमेज स्लॅशिंग (कापणारा) न राहता रेडियंट (दैवी तेजाचा) होतो आणि रेडियंटला तोंड देणारे राक्षस फार थोडे, म्हणजे आगीसारखं गोष्ट वळली आणि हात रिकामे असं होत नाही. फिनेस आहे, म्हणजे ताकदीऐवजी चपळाईनं (डेक्स) चालवता येते, त्यामुळं डेक्सवाल्याला चालते, रोगला तर हिच्यावर स्नीक अटॅक (त्याचा जादा डॅमेजचा वार) पण मिळतो. आणि नुसती मूठ असल्याचा फायदा वेगळाच, दरबारात शस्त्रं बाहेर ठेवा म्हटलं तर पहारेकऱ्याला ती तलवार वाटेल का? आमच्या डीएमनं चालवून घेतलं, तुमच्या डीएमला विचारून घ्या.

पण खरी गोष्ट तिच्या उजेडात आहे. १५ फूट लख्ख, पुढं १५ फूट अंधुक, आणि नियमात साफ लिहिलंय की हा उजेड म्हणजे सूर्यप्रकाश. जादूचा उजेड नाही, ऊन! फ्लेम टंगचा उजेड त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब जातो पण तो मशालीचाच. हा फरक मला नियम वाचून कळला नव्हता, डोळ्यांनी बघितल्यावर कळला.

ती सन ब्लेड आमच्या ताईकडं होती, ग्रुपमध्ये सगळे तिला ताईच म्हणतात, पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळते. जुलै महिना, गोडोलीतल्या मित्राचं घर, बाहेर धो धो पाऊस, लाईट गेलेली, मोबाइलच्या टॉर्चवर खेळ चाललेला. आम्ही सेंटिमीटरच्या ग्राफ पेपरवर नकाशा काढतो, एक चौकोन म्हणजे ५ फूट, आपण हरभरे आणि शत्रू राजमा. तळघरात व्हँपायर निघाला. एसी १६, हिट पॉइंट १४४, दर टर्नला २० परत भरून येतात, आणि आमची अवस्था वाईट, मी ९ वर. ताईनं मूठ काढली, पातं उगवलं, आणि १५ फूट कुठपर्यंत येतंय ते मोजायला हातातली बांगडी काढून तिच्या हरभऱ्याभोवती ठेवली, ती जवळजवळ तेवढीच निघाली. राजमा बांगडीच्या आत. डीएम दोन मिनिटं पुस्तकात डोकं घालून गप्प.

काय झालं ते सांगतो. व्हँपायरची टर्न उन्हात सुरू झाली की त्याला २० रेडियंट, ना अटॅक रोल ना सेव्ह (वाचायचा फासा), नुसतं तिथं असल्याबद्दल. त्या टर्नला त्याचे २० परत येत नाहीत. उन्हात असेपर्यंत त्याच्या प्रत्येक वाराला दोन फासे टाकून कमी आलेला धरायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हांटेज. वटवाघूळ किंवा धुकं होऊन पळायचं तर उन्हात रूप बदलता येत नाही. आणि शेवटचं, ० वर आला की तो एरवी धुकं होऊन शवपेटीकडं निसटतो, म्हणजे मारून पण मरत नाही, पण उन्हात ते होत नाही, तो जागेवर संपतो. ताईनं त्या लढाईत दोनदा हिट केलं असेल, बाकी सगळं काम बांगडीनं केलं. आम्ही नुसता त्याला वर्तुळाच्या बाहेर जाऊ दिला नाही, माझ्या फायटरनं पेटलेली फ्लेम टंग घेऊन दार अडवलं एवढंच.

रेथ आणि स्पेक्टर या भुतांना पण ऊन सोसत नाही, त्यांचे वार डिसअ‍ॅडव्हांटेजनं पडतात. त्याच दोघांवर आग आणि थंडी निम्मीच लागते, म्हणजे तिथं फ्लेम टंगचे ७ चे साडेतीन. ड्राव (जमिनीखालचे एल्फ) आणि कोबोल्ड (सरड्यासारखे छोटे जीव) पण उन्हाला बिचकतात.

सन ब्लेडचं वाईट काय, तर अनडेड नसतील तर ती एक चांगली +२ तलवार आहे आणि तेवढीच. फ्लेम टंग शेजारी पेटलेली असताना तिचा आकडा रोज कमी दिसणार, त्याची तयारी ठेवा. आणि ती लाँगस्वोर्डच आहे. फ्लेम टंग कुठलीही तलवार असू शकते, दोन्ही हातांनी ग्रेटस्वोर्ड फिरवणाऱ्यानं तिकडंच बघावं.

फ्रॉस्ट ब्रँड आकड्यात मागं पडते आणि नाव बघून लोक तिला फ्लेम टंगची गरीब बहीण समजतात. तसं नाहीये, ती रेअर (दुर्मिळ) नाही तर व्हेरी रेअर आहे आणि ती वरची पायरी तिला डॅमेजसाठी मिळालेली नाही. ती हातात असेपर्यंत तुम्हाला आग निम्मी लागते. मोठ्या लाल ड्रॅगनचा फुत्कार १८डी६, सरासरी ६३, लेव्हल ५ चा फायटर त्यात राख. हिच्यासकट ३१, सेव्ह लागला तर १५. विझार्ड लोक उठसूट फायरबॉल टाकतात ते २८ चे १४. म्हणजे ही मारायची तलवार कमी आणि उभं राहायची जास्त. शिवाय तासातनं एकदा, म्यानातनं काढताना, ३० फुटांतली साधी आग सगळी विझवता येते. एका किल्ल्याच्या दरवाजावर चार मशाली, सहा पहारेकरी, सगळे माणसं, आणि ही आमच्या हाफ-ऑर्कच्या हातात, त्याला अंधारात दिसतं. एकदा खस्सकन उपसली, काळोख, आणि मग पुढं फार काही सांगायला उरलं नाही. जादूची आग मात्र विझत नाही, हे लक्षात ठेवा.

ड्रॅगन स्लेअर थोडक्यात. ड्रॅगन येणार हे नक्की असेल तर घ्या, वायव्हर्न पण ड्रॅगनमध्येच मोडतो. नसेल येणार तर ती +१ तलवार आहे. पण एक गोष्ट हिच्या बाजूनं, हिला अट्यूनमेंट, म्हणजे जादूच्या वस्तूशी नातं जुळवणं, लागत नाही. बाकी तिघींना लागतं आणि एका माणसाला एका वेळी तीनच वस्तू अट्यून करता येतात. अंगठी, क्लोक आणि ताईत यानं तुमच्या तीन जागा आधीच भरल्या असतील तर हा मुद्दा फार मोठा होतो.

मला विचाराल तर अट्यूनमेंट हाच यातला सगळ्यात सुंदर नियम आहे. दसऱ्याला जलमंदिरातनं भवानी तलवार पालखीतनं पोवई नाक्यावर येते, लहानपणापासून बघतोय, बाबांच्या खांद्यावर बसून बघितलीय. तलवार आणि माणूस यांच्यात काहीतरी असतं, कुणाच्या पण हातात दिली म्हणून ती तशी चालत नाही, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला लागत नाही. खंडेनवमीला आमच्या ताईनं घरच्या विळ्या-कोयत्याशेजारी डाइसची पिशवी पूजेला ठेवलेली, तिच्या आईनं त्यावर पण हळद-कुंकू वाहिलं.

तर मामेभावाला मी काय सांगितलं. आधी तुझ्या डीएमला सरळ विचार, त्याला म्हण गोष्ट कुठं चाललीय, सगळं सांगू नकोस, पण आम्ही आत्तापर्यंत जे ऐकलंय त्यातलं खरं किती तेवढं सांग. त्यांच्या कॅम्पेनमध्ये गेले तीन सेशन गावातली कबरं उकरलेली सापडतायत, रात्री माणसं गायब होतायत, आणि सरदाराच्या वाड्यात आरसा एक पण नाही. हे ऐकल्यावर मी म्हटलं अरे यात विचार कसला करतोयस, सन ब्लेड घे. तो म्हणाला पण फ्लेम टंगचा डॅमेज जास्त आहे की. म्हटलं आहे, तुमच्यात दुसरा कुणी फायटर असेल तर त्याला घ्यायला लाव. तर म्हणे नाही ना, एकच उचलायचीये सगळ्या पार्टीत मिळून. मग तर अजूनच सन ब्लेड, कारण बाकीचे चौघं मारायला आहेतच, ऊन आणणारा कुणी नाहीये.

एवढं करून तलवार घेशील तर वाड्याच्या दारात जाऊन घेऊ नकोस म्हटलं. अट्यूनमेंटला शॉर्ट रेस्ट लागते, म्हणजे किमान एक तास ती मूठ हातात घेऊन शांत बसायचं, तोवर ती नुसती मूठच. रविवारचं सेशन सुरू झालं की पहिलं वाक्य तेच बोल, आम्ही इथं तासभर थांबतो.