सरकारी बालगृहातलं शिक्षण, कोल्हापूर: जेवण-निवारा पास, कागदपत्रं काठावर

कोल्हापुरात अजून सगळ्यालाच ‘रिमांड होम’ म्हणतात, आणि पालकांचा पहिला गोंधळ तिथंच होतो. घरून पळालेलं किंवा भीक मागताना सापडलेलं पोर बाल कल्याण समितीपुढं जातं, तिथून बालगृहात. गुन्ह्यात नाव आलेलं पोर बाल न्याय मंडळापुढं जातं. त्याचं निरीक्षणगृह वेगळं. शिक्षण दोन्हीकडं फुकट, पण एकसारखं नाही.

बालगृहाची जमेची बाजू म्हणजे मुलं बाहेरच्या शाळेत जातात, इतर पोरांत मिसळतात. अडतं ते दाखल्यापाशी. ऊसतोडीच्या फडावरून जानेवारीत आलेलं अकरा वर्षांचं पोर घ्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 प्रमाणे त्याला वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि कलम 5 प्रमाणे जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश रोखायचा नाही. प्रवेश होतोही. पण जुन्या शाळेनं यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर, नाव सोडलं नाही, तर पोराचा पेन नंबर (कायमचा विद्यार्थी क्रमांक) तिकडंच अडकतो. पोर वर्गात बसतं, पटावर दिसत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यातच शाळा, तालुका, शेवटची इयत्ता लिहून घ्यावी आणि समितीच्या आदेशाची प्रत जोडून जुन्या मुख्याध्यापकांना पत्र धाडावं. महिन्यानं विचारलं तर पोराला गाव आठवतं, शाळेचं नाव नाही.

वर्ग मिळाला तरी मागचं राहिलेलंच असतं. 52 मधून 27 वजा करताना 35 लिहिणारं पोर आळशी नसतं. ते प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान वजा करतं, कारण हातचा त्याला कुणी शिकवलेलाच नाही. त्यासाठी शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत 3 महिने ते 2 वर्षांचं विशेष प्रशिक्षण आहे. मात्र संस्थेत 50 मुलांमागं एक शिक्षक, तोही अर्धवेळ, हा मंजूर पदांचा आकृतिबंधच तोकडा आहे. शाहू महाराजांनी 1917 साली सक्तीचं शिक्षण आणलं तेव्हा पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. इथं पालक सरकारच. दंड कुणाला करायचा?

निरीक्षणगृहाला आम्ही कमी गुण देतो. जामीन झाला की पोर उद्या घरी, त्यामुळं पुस्तक पहिल्या धड्यापासून धरलं की कुणाचंच काही पुरं होत नाही. दोन-तीन दिवसांत संपणारे तुकडे चालतात: मोजपट्टी वाचणं, बँकेची स्लिप भरणं, मजुरीचा हिशेब. शाळेत न जाता बाहेरून दहावी द्यायची तर सतरा नंबरचा फॉर्म आहे. वय 14 आणि निदान पाचवी पास हवं, शिवाय शाळा सोडल्याचा मूळ दाखला. तो हरवला असेल तर दुसरी प्रत आणि प्रतिज्ञापत्र. पुन्हा दाखलाच! दहावी नको असेल तर आयटीआयत वेल्डरला आठवी पास चालतं, आणि शिरोलीच्या फाउंड्र्यांच्या गावात तो धंदा वाया जात नाही.

एक गोष्ट सुटतानाच पोराच्या कानावर घालायला हवी. बंद झालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांना चारित्र्याच्या दाखल्यासाठी उघड करता येत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 तसं सांगतं. हे ठाऊक नसल्यानं कितीतरी पोरं नोकरीचा अर्जच भरत नाहीत.