मादागास्करची फुसकारणारी झुरळं: प्लास्टिकच्या पेटीत आठ महिने

ही झुरळं पाळायला काचेच्या टाकीपेक्षा ५० लिटरची झाकणाची प्लास्टिक पेटी सरस ठरली. ऊब टिकते, उचलायला हलकी, आणि आतला अंधूक उजेड या झुरळांना मानवतो. पण पंख नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका. काच असो वा प्लास्टिक, ती सरसर चढतात. वरच्या कडेखाली आतून चार बोटं रुंद व्हॅसलीनचा पातळ पट्टा हवाच. जाड थर उकाड्यात ओघळतो, आणि त्यावर धूळ बसली की पिल्लांना वाट मिळते. दर महिन्याला पुसून नवा लावावा. झाकणातल्या खिडकीला धातूची बारीक जाळी लावा, नायलॉनची कुरतडली जाऊ शकते.

हीट मॅट (ऊब देणारी विजेची चटई) बाजूच्या भिंतीला, तापमान राखणारा थर्मोस्टॅट २८ अंश सेल्सिअसवर. तळाखाली लावली तर पेटीत अंथरलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) खालून सुकतं. कोरडेपणाचा खरा फटका कात टाकताना बसतो: जुनी कात पायांना अडकते आणि झुरळ दगावतं. एका कोपऱ्यातलं कोकोपीट ओलसर, बाकी कोरडं, हे गणित जमलं. सगळीकडे ओल ठेवली की बुरशी, अमोनियाचा वास आणि धान्यातले माइट (अतिसूक्ष्म किडे). (झुरळांच्या पायांच्या सांध्यांत फिरणारे बारीक माइट वेगळे, ते निरुपद्रवी, त्यांच्यामागे लागू नका.) नुकतंच कात टाकलेलं झुरळ पांढरंफटक दिसतं. काही तासांत रंग चढतो, तोवर हात लावू नये.

पाण्याच्या वाटीत पिल्लं बुडतात. पाणी धरणारे जेलचे खडे उत्तम. खायला गाजर, भोपळा आणि कुत्र्याचं कोरडं खाणं. भाजी धुऊन, सोलून द्यावी, कारण कीटकनाशकाचा अंशही घात करतो. उरलेलं फळ दुसऱ्या दिवशी काढायचंच.

नराच्या छातीवर दोन ठळक उंचवटे असतात, मादीच्या अगदी पुसट. नर जास्त झाले की टकरा आणि फुसकारे रात्रभर. हा आवाज पोटाच्या बाजूच्या श्वासरंध्रांतून जोरात हवा सोडून निघतो. मादी अंड्यांची पिशवी सुमारे दोन महिने पोटात वागवते आणि एका खेपेला वीस-तीस पिल्लं देते. वाढावा नको असेल तर नुसते नर ठेवा, फुसकारे सोसायची तयारी असेल तर.

साफसफाईला मास्क लावाच, विष्ठेच्या धुळीने ॲलर्जी होते. झुरळांना लपायला ठेवलेले कोंबडीच्या अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवले तर विष्ठा खाली पडते. जुना ट्रे फेकण्याआधी खाचा नीट झटका. पिल्लं तिथेच दडलेली असतात.