मायनस झीरो की सुपरनोव्हा: एकाच गॉडझिलासाठी पैसे मोडायचे असतील तर

येत्या काळात गॉडझिलाचे दोन सिनेमे पाच महिन्यांच्या अंतरानं येतायत. प्राणी एकच, पण घराणी वेगळी, आणि एका सिनेमाचा दुसऱ्याशी कथेनं काही संबंध नाही. तोहोचा, म्हणजे मूळ जपानी घरचा, ‘गॉडझिला मायनस झीरो’ ३ नोव्हेंबर २०२६ ला जपानात आणि ६ नोव्हेंबरला अमेरिकेत लागतोय. लेजंडरीचा, म्हणजे हॉलिवूडवाल्यांचा, ‘गॉडझिला एक्स काँग: सुपरनोव्हा’ २६ मार्च २०२७ ला. चाहत्यांमध्ये कुठला भारी यावरून जुंपलेली आहेच, तिच्यात मला पडायचं नाही. मला ओळखीतले लोक विचारतात ते वेगळं असतं. आयमॅक्सची तिकिटं, जाण्यायेण्याचा खर्च, पार्किंग, मध्यंतरातले सामोसे असा हिशेब मांडला की चौघांच्या घराला असा एखादाच सिनेमा परवडतो. मग तो कोणता धरायचा?

दोन्ही परवडत असतील तर दोन्ही बघा, विषय संपला.

आधी सुपरनोव्हाची बाजू मांडतो. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, म्हणून तिच्यावर अन्याय नको. हॉलिवूडचा गॉडझिला आपल्याकडे व्यवस्थित लागतो, हा त्याचा पहिला गुण. ‘गॉडझिला व्हर्सेस काँग’ २४ मार्च २०२१ ला भारतात लागला तेव्हा अमेरिकेत तो यायला अजून आठवडा होता. इंग्रजीबरोबर हिंदी, तमिळ, तेलुगूतही होता. महाराष्ट्रात तेव्हा कोविडमुळे निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवायचा नियम होता, पण आमच्या शोला शिट्ट्या अख्ख्या हॉलच्या होत्या. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर हिंदी डबिंग ही काही छोटी गोष्ट नाही.

दुसरा गुण म्हणजे काँग, तो महाकाय वानर. या मालिकेतला सगळ्यात चांगला नट तोच आहे, आणि हे मी कुचेष्टेनं म्हणत नाही. २०२४ च्या ‘द न्यू एम्पायर’मध्ये त्याचा दात किडतो, डॅन स्टीव्हन्सचा ट्रॅपर हा प्राण्यांचा डॉक्टर येऊन तो उपटतो आणि नवा बसवतो. हा प्रसंग कागदावर वाचला तर हसू येईल, पण पडद्यावर त्या माकडाच्या डोळ्यांत दुखणं आणि मग हायसं वाटणं दोन्ही दिसतं. खालच्या पोकळ पृथ्वीत, म्हणजे जमिनीच्या पोटातल्या या प्राण्यांच्या जगात, तर कितीतरी वेळ एकही माणूस तोंड उघडत नाही आणि तरी कोण कुणावर चिडलंय, कोण कुणाला घाबरतंय हे सहज कळतं. डॅन स्टीव्हन्स सुपरनोव्हातही आहे. दिग्दर्शक मात्र बदललाय. आधीचे दोन अॅडम विंगार्डचे, हा ग्रँट स्पुटोरचा. स्पुटोरचा २०१९ चा ‘आय अॅम मदर’ एका बंकरात वाढलेल्या मुलीची आणि तिला वाढवणाऱ्या रोबोची लहानशी गोष्ट होती. चार भिंतींत दडपण तयार करणारा माणूस शंभर मीटरच्या प्राण्याचं काय करतो, याचं मलाही कुतूहल आहे. नावावरून चाहत्यांनी स्पेसगॉडझिलाचा अंदाज बांधायला सुरुवात केलीच आहे. १९९४ च्या जपानी सिनेमातला, खांद्यांवर स्फटिकांचे सुळके असलेला तो खलनायक खरंच आला तर थिएटर डोक्यावर घेतील.

एवढं सगळं असून माझं घोडं जिथे अडलं ती गोष्ट एकच. कॅमेरा.

‘द न्यू एम्पायर’मधली रिओची मारामारी आठवा. चार-चार महाकाय प्राणी समुद्रकिनाऱ्यावरच्या इमारतींमधून एकमेकांना आपटतायत, आणि कॅमेरा कुठे आहे? त्यांच्या छातीशी, खांद्याशी, हवेत तरंगत. त्या उंचीवर जगात कुणी उभं राहू शकत नाही. तिथून बघितलं की प्राणी मोठे दिसतच नाहीत. इमारत आडवी होते तेव्हा ती कुणाच्या तरी डोक्यावर पडतेय हे जाणवत नाही, कारण खाली डोकंच दाखवलेलं नसतं. एकदा हे खटकलं आणि मग मला दुसरं काही दिसेनाच. पिरॅमिडांपाशीही तेच. हजारो वर्षं उभं असलेलं बांधकाम भुईसपाट होतं आणि आपण पुढचा ठोसा कोण मारतो तेवढंच बघत राहतो.

त्यात वेगाची भर. या सिनेमाचा पहिला ट्रेलर आला तेव्हा शेवटी गॉडझिला आणि काँग शेजारीशेजारी धावत येताना दाखवले होते. माझ्या पुतण्यानं तो शॉट पुन्हा पुन्हा लावला. त्याला तो अजूनही आवडतो आणि त्यावरून आमचं वाजतं. माझं म्हणणं साधं आहे. शंभर मीटरवरून सोडलेला दगड जमिनीवर यायला साडेचार सेकंद लागतात. मग तेवढ्या उंचीच्या प्राण्यानं उचललेला पाय खाली यायलाही वेळ लागला पाहिजे. तो पाय माणसाच्या चपळाईनं पडला की आपला मेंदू परस्पर ठरवून टाकतो, हा प्राणी माणसाएवढाच आहे, आजूबाजूचं शहर लहान केलंय. पहिल्या गॉडझिलाचे स्पेशल इफेक्ट्स करणाऱ्या एइजी त्सुबुराया यांना हे १९५४ मध्येच ठाऊक होतं. तेव्हा संगणक नव्हता. हारुओ नाकाजिमा सुमारे शंभर किलोचा रबरी पोशाख चढवून छोट्या तोक्योतून चालायचे आणि कॅमेऱ्यातली फिल्म नेहमीपेक्षा जास्त वेगानं फिरवली जायची, म्हणजे पडद्यावर चाल संथ आणि जड व्हावी. सत्तर वर्षांनी अफाट पैसा हाताशी असताना तेच वजन हरवलेलं बघितलं की चिडचिड होते.

हॉलिवूडला हे जमतच नाही असं म्हणणं मात्र चुकीचं ठरेल. गॅरेथ एडवर्ड्सच्या २०१४ च्या सिनेमात कॅमेरा बहुतेक वेळ माणसाच्या उंचीवरच आहे. होनोलुलूच्या विमानतळावर आधी फक्त एक पाय टेकतो, मग नजर हळूहळू वर, वर जात राहते. सॅन फ्रान्सिस्कोवर पॅराशूटनं उतरणाऱ्या सैनिकांच्या पायांना बांधलेल्या नळकांड्यांतून निघणारा लाल धूर, आणि त्या धुरापलीकडे मधूनच दिसणारं अंग. माझ्या मते हॉलिवूडच्या गॉडझिलाचा तो कळस. पण गॉडझिला जेमतेम आठ-दहा मिनिटं दिसतो म्हणून लोकांनी तेव्हा बोंब मारली, आणि पुढच्या प्रत्येक सिनेमात प्राणी जास्त, प्रकाश जास्त, वेग जास्त असं होत गेलं. प्रेक्षकांनी मागितलं तेच मिळालं, तक्रार तरी कुणाकडे करायची!

आता मायनस झीरो. त्याचा अंदाज अर्थातच २०२३ च्या ‘मायनस वन’वरून बांधतोय, कारण दिग्दर्शक तेच, ताकाशी यामाझाकी. मायनस वन आमच्या इथे पडद्यावर आला नव्हता. न्यू जर्सीतल्या आतेभावानं डिसेंबरात थिएटरात बघितला आणि मला चिडवत राहिला. जून २०२४ मध्ये तो नेटफ्लिक्सवर आला तेव्हा मी दिवाणखान्यातल्या साध्या टीव्हीवर, सबटायटल वाचत बघितला. म्हणजे तुलना मुळात हॉलिवूडच्या बाजूनं झुकलेली होती: तो मोठ्या पडद्यावर, हा घरी. तरीसुद्धा तोक्योतल्या गिंझा भागातला प्रसंग लागला आणि तराजू फिरला.

तिथे कॅमेरा रस्त्यावर आहे. नायिका नोरिको लोकलसारख्या गाडीत बसलीय, बाहेर काय चाललंय ते तिला दिसत नाही, फक्त हादरे. मग डबा उचलला जातो आणि ती दांडीला लोंबकळत राहते. गच्चीवर रेडिओचे लोक आवाज न चढवता धावतं वर्णन करतायत, आणि वर्णन करता करताच त्यांच्या पायाखालची इमारत जाते. मग पाठीवरचे काटे शेपटीकडून एकेक करून खटाखट बाहेर येतात, निळे होतात, आणि सगळे एकदम आत बसतात. त्यानंतरचा क्षण शांत आहे. पुढे काय होतं ते ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी ठेवतो. काळा पाऊस पडतो एवढंच सांगतो.

माझ्या आईला राक्षसांच्या सिनेमांचा मुळातच कंटाळा. ती भाजी निवडत बाजूला बसली होती. गिंझा झाल्यावर तिनं विचारलं, “त्या पोरीचं काय झालं रे?” आणि पुढे शेवटपर्यंत ती अधूनमधून तेच विचारत राहिली. रिओची मारामारी बघून आल्यावर आमच्या घरात कुणी कुणाचं काय झालं म्हणून विचारलं नव्हतं. याहून शास्त्रीय मोजमाप माझ्याकडे नाही.

गंमत अशी की मायनस वनचा गॉडझिला उंचीला फक्त ५०.१ मीटर आहे, २०१४ च्या हॉलिवूडवाल्या १०८ मीटरच्या निम्म्याहून कमी. तरी तो मोठा वाटतो. खर्चाचंही तसंच. यामाझाकींनी बजेट दीड कोटी डॉलरच्याही आत होतं असं सांगितलंय. हॉलिवूडमध्ये त्याच्या कितीतरी पट लागतं. शिरोगुमी या स्टुडिओतल्या ३५ जणांनी ६१० व्हीएफएक्स शॉट, म्हणजे संगणकावर घडवलेली दृश्यं, केले, आणि यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्सचे प्रमुख असल्यानं शॉट बघून तिथल्या तिथे दुरुस्ती व्हायची. तात्सुजी नोजिमा नावाचा त्यातला विशीतला मुलगा हौसेनं संगणकावर पाण्याच्या लाटा करत बसायचा. ते बघून यामाझाकींनी समुद्रातले प्रसंग वाढवले. लाकडी सुरुंगशोधक बोटीचा पाठलाग मग असा काही झालाय की लाट आणि प्राणी वेगळे काढता येत नाहीत. मार्च २०२४ मध्ये ही मंडळी गॉडझिलाच्या पंजांच्या टाचांचे बूट घालून ऑस्करच्या मंचावर चढली आणि व्हीएफएक्सचं ऑस्कर घेऊन आली. गॉडझिलाच्या सिनेमाला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर.

आवाजाचंही सांगायला हवं, कारण तिकिटाचे निम्मे पैसे आवाजाचेच असतात. १९५४ ची ती डरकाळी संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामड्याचा हातमोजा डबल बासच्या तारांवरून ओढून काढली होती. मायनस वनसाठी डरकाळी बेसबॉलच्या स्टेडियममधल्या मोठ्या स्पीकरवर वाजवून, मोकळ्या हवेत घुमलेली पुन्हा ध्वनिमुद्रित केली. घरच्या टीव्हीवरही त्यातलं अंतर कळत होतं. चांगल्या हॉलमध्ये ती ऐकायची माझी इच्छा राहून गेलीय, हे कबूल करतो; माझा कल त्यानंही थोडा झुकला असेल.

शंका माझ्याही आहेत. मायनस वनची गोष्ट तिथेच पूर्ण होती. युद्धातून वाचल्याची लाज घेऊन जगणाऱ्या नायकाचा, कोइचीचा, हिशेब शेवटी चुकता होतो, आता त्याला आणखी काय सोसायला लावणार? शेवटच्या दोन शॉटांत धागे सोडलेत हे खरं, पण सोडलेला धागा ओढलाच पाहिजे असं थोडंच आहे. यश मिळालं की पैसा वाढतो, पैसा वाढला की प्राणी जास्त वेळ दिसायला लागतो, हे वर हॉलिवूडच्या बाबतीत झालंच आहे. शिवाय मायनस वनचा मधला भाग संथ होता. झोपडी, शेजारीण, दुधाची चणचण. मला तो आवडला. दहा वर्षांखालची मुलं त्यात चुळबुळ करतील आणि सबटायटलही वाचणार नाहीत.

तारखांचा मुद्दा वेगळाच. ६ नोव्हेंबर म्हणजे ऐन धनत्रयोदशी. दिवाळीला आपल्याकडे मोठे हिंदी सिनेमे पडदे अडवून बसतात, त्यामुळे जपानी सिनेमाला शो मिळाला तरी सकाळी नऊचा किंवा रात्री अकराचा असेल असं गृहीत धरा, आणि मिळाला की पहिल्या आठवड्यातच उरका. सुपरनोव्हाचं उलट आहे. २६ मार्च २०२७ ला गुड फ्रायडे, सुट्टीचा दिवस, शो भरपूर. फक्त बँकेत किंवा सीएच्या ऑफिसात असाल तर मार्च एंडिंगमध्ये सुट्टीचा काय अर्थ असतो ते मी सांगायला नको. दहावीवाल्यांची परीक्षा बहुधा तोवर संपलेली असेल, लहानांची नसेल.

तयारी म्हणाल तर मायनस झीरोसाठी मायनस वन बघितलाच पाहिजे, जमलं तर १९५४ चाही. सुपरनोव्हासाठी २०१४ पासूनचे पाच सिनेमे आणि ‘मोनार्क’ मालिका अशी यादी लोक देतात. मला विचाराल तर शेवटचा एक बघा, पुरे. दर सिनेमात पोकळ पृथ्वीचे नियम बदलतात, आधीचे पाठ करून उपयोग नाही.

तेव्हा घरात सहा-सात वर्षांचं कुणी असेल, किंवा मित्रांचा मोठा घोळका असेल आणि आरडाओरडा करायचाच असेल, तर सुपरनोव्हा धरा. मजा येईल, पैसे वाया जाणार नाहीत. मोठी माणसं असाल आणि वाचत सिनेमा बघायची सवय असेल, तर आयमॅक्सचे पैसे मी नोव्हेंबरासाठी राखून ठेवीन. काँग पाच-सहा महिन्यांनी घरच्या टीव्हीवर आला तरी फारसा बिघडत नाही, कारण तो तसाही डोळ्यांच्या रेषेतच असतो. रस्त्यावर उभं राहून वर बघायचं असेल तर पडदा मोठा लागतो. पुतण्याला हे पटलेलं नाही. मार्चची तिकिटं तो काढणार आहे, दिवाळीची मी.