रामटेकच्या गडावर गाईड घ्यावा का?

घ्यावा. पण अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी चढवणारा घ्या. गाडीनं थेट वर नेणारा गाईड डोंगर दाखवतच नाही, आणि या फेरीत खरं पाहायचं आहे ते डोंगराचं नावच.

सगळ्यात जमलेला भाग सिंदूरगिरी या डोंगराच्या दुसऱ्या नावाचा. गाईड वाटेतला फुटका दगड उचलून उन्हात धरतो. ताज्या फुटीवर तांबडी झाक दिसते, काळवंडलेल्या पाठीवर नाही. नरसिंहानं हिरण्यकशिपू मारला, त्या रक्तानं डोंगर लाल झाला, ही कथाही तिथंच कळते. ढगाळ दिवशी मात्र रंग दिसत नाही. सिंदूरगिरी हे नाव गडावरच्या लक्ष्मण मंदिरातल्या यादवकालीन शिलालेखात आहे. अक्षरं झिजलीत, म्हणून टॉर्च बाजूनं तिरपा धरायला सांगा. समोरून उजेड टाकला की खाचेत सावली पडत नाही आणि काहीच वाचता येत नाही.

घोळ होतो तो 'टेक'पाशी. "रामानं इथं राक्षस मारायची टेक घेतली भाऊ, म्हणून रामटेक," असं बहुतेक जण सांगतात. कोणी म्हणतात, राम इथं टेकले. कथा म्हणून दोन्ही गोड आहेत, पण नाव त्यातून आलेलं नाही. पाचव्या शतकातला, वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूरचा ताम्रपट 'रामगिरिस्वामी'च्या, म्हणजे रामगिरीवरच्या देवाच्या, पायांपासून दिलेला आहे. म्हणजे जुनं नाव रामगिरी. संस्कृतातला 'गिरी' गेला, त्या जागी मराठीत टेकडीतला 'टेक' बसला. मूळ अर्थ शपथ किंवा विसावा असता, तर संस्कृतात 'गिरी' कशाला आला असता? एवढं एक वाक्य गाईडनं सांगायलाच हवं.

कालिदासाच्या मेघदूताच्या पहिल्या श्लोकातला रामगिरी तो हाच, हे इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींचं मत तिथं ठासून सांगतात, आम्हालाही ते पटतं. पण टीकाकार मल्लिनाथ त्याला चित्रकूट म्हणतो आणि छत्तीसगडातल्या रामगडचाही दावा आहे, हे गाळू नये.

हातात देतात तो नकाशा रोमन लिपीत आहे, ही मोठी चूक. त्यात ट आणि त एकच, म्हणून बाहेरचा माणूस 'रामतेक' वाचतो आणि नावातली टेकडीच जाते. देवनागरीतला मागून घ्या.

प्रसाद उघडा नेऊ नका, माकडं हिसकतात.